कबूल म्हणण्याआधी

चि. सोनूस,



परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. शिवाय या गोष्टी फोनवर सांगून भागत नाहीत. कागदावर असल्या की तारखेच्या आदल्या रात्री पुन्हा वाचता येतात. तू पाठवलेला समन्सचा फोटो मी मोठा करून दोनदा वाचला. मोटार वाहन कायद्याची कलमं ११९ आणि १७७, सिग्नल लाल असताना स्कूटर थांबरेषेच्या पुढे, सोबत कॅमेऱ्याने टिपलेला फोटो. ऑनलाइन तक्रार केलीस, तिला ‘चलन योग्य आहे’ एवढंच उत्तर आलं, आणि आता कोर्टाची तारीख.

तुझी आई काल मला म्हणाली, “पाचशे रुपयांसाठी पोर कोर्टात उभी राहणार का? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.” ताईचा जीव तुटतो ते मला कळतं. पण ही म्हण मी चौतीस वर्षं रोज ती पायरी चढता-उतरताना ऐकली आहे. बांधाच्या हातभर जमिनीसाठी तीन पिढ्या भांडणाऱ्यांना ती जरूर सांगावी. तू आपणहून पायरी चढत नाहीस, तुला बोलावलं आहे. बोलावल्यावर जायचं आणि विचारलं त्याचं खरं उत्तर द्यायचं, यात कमीपणा कसला?

तेव्हा आधी तुझ्याशीच बोल. त्या संध्याकाळी तू नक्की काय केलंस? मला सांगितलंस ते असं: लाल दिव्याला तू रेषेच्या आत उभी होतीस, मागून रुग्णवाहिकेचा भोंगा आला, उजवीकडे बस होती, डावीकडे रिक्षा. वाट द्यायला तू स्कूटर चार-पाच फूट पुढे घेऊन डावीकडे वळवलीस आणि तिथेच थांबलीस. रुग्णवाहिका गेली. दिवा हिरवा होईपर्यंत तू जागची हलली नाहीस. हे असंच घडलं असेल तर पुढचं पत्र तुझ्यासाठी आहे. पण मनाच्या कोपऱ्यात कुठे असं असेल की भोंगा नंतर ऐकू आला आणि स्कूटर त्याआधीच घाईने पुढे गेली होती, तर आजच पाचशे रुपये भर आणि मला तसं कळव. मी रागावणार नाही. झेब्रा पट्ट्यांवर चालणारी म्हातारी माणसं मी रोज पाहतो. ती रेष त्यांच्यासाठी आहे. चूक झाली असेल तर दंड भरणं हेच नागरिकाला शोभतं, आणि तिथे कायद्यातली फट शोधायला मी तुला मदत करणार नाही.

पहिलंच खरं असं तू म्हणशील, हे धरून पुढे लिहितो.

एक गोष्ट मी तुमच्या घरात कधी सांगितली नाही. मी एका तालुक्याच्या कोर्टात बेंच क्लार्क होतो तेव्हाची, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. आठवड्यातला एक दिवस किरकोळ खटल्यांचा असे. दिवा नसलेली सायकल, डबलसीट, रस्त्यात लावलेली हातगाडी. चाळीस-पन्नास माणसं व्हरांड्यात उकिडवी बसलेली असत. पुकारा झाला की एकेक आत येई, साहेब विचारत, “गुन्हा कबूल आहे?”, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येई, “कबूल.” दंड, किंवा कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा. बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, लांबलचक असायचा. म्हणून मी सकाळीच सगळ्या छापील फॉर्मवर ‘कबूल’ हा शब्द लिहून ठेवत असे. वेळ वाचे. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं, आणि करू नको असंही कुणी म्हटलं नव्हतं.

एक दिवस नवे न्यायाधीश आले होते. एक हमाल समोर उभा राहिला. साठीचा असेल, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तोही म्हणाला, “कबूल.” साहेबांनी विचारलं, “काय कबूल?” तो म्हणाला, “तुम्ही म्हणाल ते.” साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “बाबा, त्या दिवशी काय झालं ते सांगा.” तो म्हणाला, सायकल भाच्याची होती, दिवा नव्हता, अंधार पडला म्हणून तो उतरून, सायकल हातात धरून चालत येत होता. फिर्यादी हवालदार तिथेच होता. साहेबांनी कबुली बाजूला ठेवून त्याची साक्ष घेतली. त्यानेही शपथेवर सरळ सांगितलं, “होय साहेब, चालतच होता.” म्हातारा निर्दोष सुटला. साहेबांनी फॉर्म हातात घेतला, माझ्या अक्षरातला ‘कबूल’ खोडला, खोडल्यावर सही केली आणि फॉर्म माझ्याकडे दिला. एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसानंतर मी तो शब्द माणूस बोलल्याशिवाय लिहिला नाही. पण त्याआधी किती फॉर्म लिहिले असतील, आणि त्यातले किती जण सायकल हातात धरून चालत होते, ते मला या जन्मी कळणार नाही.

तू फोनवर म्हणालीस, “मामा, कबूल म्हणून टाकू का?” तेव्हा मला तो फॉर्म दिसला.

हा शब्द स्वस्त नाही. कायदाही त्याला स्वस्त मानत नाही. साक्षीपुरावा होऊन शिक्षा झाली तर वरच्या कोर्टाची वाट असते. स्वतः कबुली देऊन शिक्षा घेतली, तर शिक्षा किती किंवा ती कायद्याला धरून आहे का, एवढ्यापुरतंच अपील उरतं. गुन्हा केला की नाही हा प्रश्न तिथेच मिटतो, कारण तूच तो मिटवलेला असतेस. उलट बाजूने पाहा. कलम १७७ मध्ये पहिल्या वेळी जास्तीत जास्त दंड पाचशे रुपये आहे. म्हणजे खटला लढवून हरलीस तरी दंड पाचशेच्या वर जात नाही. रजा आणि हेलपाटे मात्र पडतील, दोन तर नक्की, कदाचित चार. ते सोसायची तयारी ठेव. (कलम मात्र तू नीट पाहिलंस हे बरं केलंस. त्याच सिग्नलसाठी कुणाला कलम १८४ लावलं असेल, तर ते धोकादायक वाहन चालवण्याचं कलम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात कैदही आहे आणि दंड एक ते पाच हजारांपर्यंत. तिथे वकिलाशिवाय जाऊ नये.)

आता तुझी बाजू. ती दयेची बाजू नाही, कायद्याची आहे. याच मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९४-ई हे कलम आलं. रुग्णवाहिकेला, अग्निशमनाच्या गाडीला वाट दिली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. एक कलम म्हणतं रेषेत थांब, दुसरं म्हणतं वाट दे. दोन्ही पाळणं शक्य नसेल तेव्हा ज्याने एखाद्याचा जीव वाचू शकतो ते आधी, हे कोणत्याही न्यायाधीशाला समजावून सांगावं लागत नाही. फक्त ते घडलं होतं, हे दिसावं लागतं. फोटोत ते दिसत नाही. त्यात तुझी स्कूटर आहे, नंबरप्लेट आहे, लाल दिवा आहे. रुग्णवाहिका फोटोच्या चौकटीबाहेर राहिली. फोटो खोटा नाही, अपुरा आहे. सगळी लढाई एवढीच आहे, आणि कोर्टात तू एवढंच बोलायचं आहेस.

मग अपुऱ्याचं पुरं कसं करायचं? केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७-अ हा नियम घातला. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी तो आहे, आणि तो नागरिकाने वाचावा असा आहे. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवायची. चलनासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण, मोडलेलं कलम, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दर वर्षी नवं करून घ्यायला हवं. जिथे असे कॅमेरे आहेत तिथे वाहनचालकांना कळेल असा फलक हवा. आणि तुझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं म्हणजे, चलनाचा निकाल लागेपर्यंत ते इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड जपून ठेवायचं आहे.

म्हणून पहिल्याच तारखेला एक साधा अर्ज दे. त्या चौकातलं त्या दिवसाचं, फोटोच्या वेळेच्या दोन मिनिटं आधीपासून दोन मिनिटं नंतरपर्यंतचं चित्रण कोर्टाने मागवावं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कोर्टाला अशी वस्तू मागवता येते. मजकूर मराठीत लिही. आपल्याकडे तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, इंग्रजीसाठी अडून बसू नकोस. रुग्णवाहिका १०८ ची होती असं तू म्हणतेस. त्या सेवेकडे फोनची आणि फेरीची नोंद असते, तीही मागव. स्कूटरवर मागे बसलेली तुझी मैत्रीण साक्षीला येईल का, ते आत्ताच विचार. नाही म्हणाली तर आग्रह करू नकोस.

प्रमाणपत्र म्हणजे निव्वळ कागदी सोपस्कार असं तुझा तो वकील मित्र म्हणतो. नाही, बाळ. जालन्याचं उदाहरण देतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असं पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं, सीडी होत्या, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै २०२० मध्ये निकाल झाला की असं प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मात्र ज्याने ते मिळवायला शक्य ते सगळं केलं आणि तरीही ज्याच्या हातात ते आहे त्याने दिलं नाही, त्याला त्यासाठी दोष देता येत नाही. त्या निकालातून दोन गोष्टी घे. यंत्राने दाखवलं म्हणजे खरं, असं कोर्ट मानत नाही. त्या चित्राची जबाबदारी सही करून कुणीतरी माणसाने घ्यावी लागते. आणि जे हवं ते लेखी माग, तोंडी मागितलेल्याची कुठे नोंद राहत नाही. पुराव्याचा जुना कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र आहेच.

आता त्या दिवसाविषयी.

ई-कोर्टच्या ॲपवर खटल्याचा सीएनआर नंबर टाकून तारीख आदल्या दिवशी बघ, कधीकधी ती पुढे गेलेली असते. साडेदहाला पोच. फाटकाशी कुणी जवळ येऊन “मॅडम, चलन का? पाच मिनिटांत मिटवून देतो” म्हणेल, त्याच्याकडे न बघता पुढे जा. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी मूळ आणि झेरॉक्स, आणि अर्जाच्या तीन प्रती जवळ ठेव. कोर्टाबाहेर बोर्ड लावलेला असतो, त्यात आपला खटला कितव्या नंबरला आहे ते बघ. सापडला नाही तर शिपायाला विचार. फोन बंद कर, नुसता आवाज कमी करू नकोस. आणि मग बस. बसणं हेच मोठं काम आहे. दुपारचे तीन वाजतील, भूक लागेल, कुणीतरी म्हणेल, “कशाला थांबता, भरून टाका ना.” दमलेल्या माणसाच्या तोंडून नको तो शब्द निघतो. चाळीस माणसांच्या रांगेत मी ते दर आठवड्याला पाहत होतो. डबा घेऊन जा.

पुकारा झाला की “हजर” म्हणून पुढे हो. न्यायाधीश आरोप काय आहे ते सांगतील. कळलं नाही तर “पुन्हा सांगाल का?” असं विचार, कुणी रागावत नाही. मग विचारतील, कबूल आहे का. त्यावर तीन शब्द: “गुन्हा कबूल नाही.” लगेच रुग्णवाहिकेची हकीकत सुरू करू नकोस. तिची वेळ पुढे आहे. अर्ज दे, चलनाच्या कागदांच्या प्रती माग, पुढची तारीख लिहून घे. जातमुचलका लिहून घेतला तर घाबरू नकोस, पुढच्या तारखेला येईन एवढाच त्याचा अर्थ. ‘आरोपी’ हा शब्द ऐकून तुझ्या पोटात गोळा येईल, हे मला ठाऊक आहे. चांगल्या चांगल्या माणसांच्या पोटात आलेला मी पाहिला आहे. पण तो शब्द कागदावरच्या तुझ्या जागेचं नाव आहे, तुझं नाही. गुन्हा सिद्ध करणं हे सरकारी पक्षाचं काम आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये लिहिलेलं आहे.

पोलिसांची साक्ष झाल्यावर तुला प्रश्न विचारता येतील. तो शिपाई तुझा शत्रू नाही. दिवसभर त्याच धुरात उभा असतो, आणि हे चलन बहुधा त्याने केलेलंही नसतं. आवाज चढवू नकोस. एवढंच विचार: फोटोच्या आधीचं चित्रण तुम्ही पाहिलं आहे का? रेषा ओलांडल्यावर गाडी चौक पार करून गेली का? त्या वेळी मागे रुग्णवाहिका होती की नव्हती, हे तुम्ही स्वतःच्या माहितीने सांगू शकता का? मग गप्प बस. माझ्या त्या हमालाला हवालदारानेच सोडवलं होतं, हे विसरू नकोस. शपथ घेतलेला माणूस खरं बोलेल, असं आधी धरून चालायचं.

नंतर तुझी इच्छा असली तर स्वतःची साक्ष दे, आणि तिथे जसं घडलं तसं सांग. घडलेलं आजच वहीत लिहून काढ, कारण महिन्याभराने आठवणीत नसलेलं घुसतं. किती वाजले होते, पाऊस होता का, बस कुठे होती. जे आठवत नाही त्याला “आठवत नाही” म्हण. रुग्णवाहिकेत कोण होतं ते तुला माहीत नाही, तेव्हा “आत अत्यवस्थ पेशंट होता” असं म्हणू नकोस. एका वाढवलेल्या वाक्याने दहा खरी वाक्यं बुडालेली मी पाहिली आहेत.

वकील हवाच असं नाही. एकटीला धीर होत नसेल तर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बहुतेक बायकांना हे ठाऊकच नसतं, तुझ्या मैत्रिणींनाही सांग.

मध्येच लोकअदालतीची नोटीस आली तर गोंधळू नकोस. लोकअदालत चांगली आहे, तिने लाखोंचे हेलपाटे वाचवले. पण तिथे तडजोड होते, कोण बरोबर याचा निर्णय होत नाही, आणि तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसतं. ज्याला चूक मान्य आहे आणि रक्कम मिटवायची आहे त्याने तिथे जावं. तू वेगळं काही मागते आहेस. समन्सची तारीख मात्र कुठल्याही कारणाने चुकवू नकोस. गैरहजेरीवर वॉरंट निघतं, आणि मग खऱ्या माणसालाही मान खाली घालून उभं राहावं लागतं.

आणि हरलीस तर? चित्रण मिळालं नाही, मैत्रीण आली नाही, न्यायाधीशांना पटलं नाही, असं होऊ शकतं. मग दंड भर, पावती घे आणि घरी ये. तुझ्या खटल्याच्या रोजनाम्यात ‘कबूल नाही’ लिहिलेलं राहील, आणि ते तू स्वतः बोललेलं असेल. जिंकलीस तर निकालाची नक्कल काढायला विसरू नकोस. नक्कल अर्ज करून शिक्क्याची प्रत घे आणि ती वाहतूक शाखेत देऊन पोच घे, नाहीतर चलन त्यांच्या यंत्रात बाकी दिसत राहील आणि पुन्हा कुणीतरी तुला अडवेल.

ताईला मी समजावलं आहे. ती अजून कुरकुरते आहे, पण काल रात्री तिनेच विचारलं की कोर्टात पंजाबी ड्रेस चालतो ना. चालतो.

तारखेच्या दिवशी मी पहाटेची एस.टी. धरून येतो. आत मागच्या बाकावर बसेन, तुझ्याऐवजी काही बोलणार नाही. पुकारा झाला की माझ्याकडे वळून बघू नकोस, समोर बघ.

तुझा,
मामा

ता. क. समन्सच्या फोटोत खटला क्रमांकाचा शेवटचा आकडा पुसट आला आहे. तो आणि कोर्टरूमचा नंबर मला उद्या कळव.